शून्य ते चार

ताईच्या नाकावरून आमच्या घरात जेवढे विनोद झाले तेवढे माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावरूनही झाले नसतील. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमच्याकडे आली की दारातच थांबून आधी एक श्वास घ्यायची आणि मगच आत पाऊल टाकायची. "दूध उतू गेलं का गं सकाळी?" नाहीतर, "कुणीतरी ओली छत्री कपाटात ठेवलीय." आणि छत्री कपाटात असायचीच. माझा नवरा म्हणायचा, हिच्यापासून एक वेळ लफडं लपवता येईल, पण सिगरेट लपवता येणार नाही. सिगरेट सुटली त्याचं श्रेय तो डॉक्टरांना देतो. खरं कारण ताई आहे.

ह्या नाकावरच ताईचं पोट चालत होतं. शहराबाहेर कागदी डब्यांचा कारखाना आहे, तिथे ती सव्वीस वर्षं होती. आइस्क्रीमचे कप, बिस्किटांची खोकी, दुधाच्या पावडरीचे डबे असला माल तिथे होतो. डब्याला स्वतःचा वास असून चालत नाही, नाहीतर बिस्किटाला गोंदाची चव लागते आणि गिऱ्हाईक बोंब मारतं. म्हणून प्रत्येक मालाच्या पट्ट्या कापून काचेच्या बरण्यांत घालतात, झाकणं घट्ट लावून एक दिवस ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी पाच माणसं एका पांढऱ्या खोलीत बसतात, डोळे मिटून एकेक बरणी हुंगतात आणि चिठ्ठीवर आकडा लिहितात. शून्य म्हणजे वास नाही. चार म्हणजे नाक धरून पळा. तिघांनी दोन किंवा वरचा आकडा लिहिला की माल अडला.

सहा बरण्यांतली एक मुद्दाम रिकामी ठेवायची. भरून झाल्या की बरण्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळून त्या सरमिसळ करतात, म्हणून रिकामी कुठली ते त्या वेळी भरणाऱ्यालाही माहीत नसतं. त्या रिकाम्या बरणीलाच लोकांनी आकडे दिले तर समजायचं की आज नाकं ठिकाणावर नाहीत, आणि सगळी तपासणी रद्द करायची. चिठ्ठी लिहिताना शेजाऱ्याच्या कागदाकडे बघायचं नाही, तोंडाकडेही बघायचं नाही. ताई त्या पाच जणांची प्रमुख होती. चिठ्ठ्या गोळा करणं, रिकामी बरणी कुठली ते उघडून पाहणं आणि निकालावर सही करणं तिच्याकडे होतं.

आता अशा बाईनं अत्तर लावायचं नाही हे ओघानंच आलं. नुसतं अत्तर नाही, वासाचा साबण नाही, वासाचं तेल नाही, हाताला क्रीम नाही. पांढरा, ओबडधोबड, कसलाच वास नसलेला साबण कारखान्यातून मिळायचा, त्यानं ती केसही धुवायची. माझ्या लग्नात मी नखशिखांत सुगंधी होऊन बसले होते, तर ही बया तीन खुर्च्या सोडून बसली, कारण दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. मी रुसले होते, आणि अजून पूर्ण हसलेले नाही.

तिच्या कामातला काटेकोरपणा म्हणजे डोक्याला ताप. खोलीतल्या लोकांना बरण्या धरायला पातळ सुती हातमोजे लागतात. कारखान्यातल्या धुलाईत वासाची पावडर वापरतात म्हणून ताई दर शनिवारी सगळे मोजे घरी आणायची, रविवारी आपल्या त्या साबणानं धुवायची, इस्त्री करायची आणि सोमवारी परत न्यायची. मी म्हणायची, "अगं, पाच माणसांचे हात तू एकटीनं का धुतेस?" ती म्हणायची, "दुसऱ्यावर भरवसा ठेवला की वास राहतो."

मी कपड्यांची दुरुस्ती करते. घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान आहे. पँट आखूड करा, चेन बदला, आलेल्या पोटाला जागा करून द्या असली कामं. माझी लेक अत्तरांच्या एका छोट्या दुकानात नोकरी करते. मोठ्या कंपन्यांचा माल तिथे नसतो. कुठे कुठे एकेकटी माणसं वर्षाला थोड्याच बाटल्या बनवतात, त्या तिथे येतात, आणि गिऱ्हाईकं त्या बाटल्यांबद्दल नातवंडांबद्दल बोलावं तशी बोलतात. ताईच्या छपन्नाव्या वाढदिवसाला लेकीनं त्यातली एक बाटली दिली. करंगळीएवढी बाटली आणि सोबत एक छापील कार्ड. लेक म्हणाली, "मावशी, जन्मभर तू डब्यांचे वास घेतलेस. एकदा स्वतःचा घे. आज शनिवार आहे, परवापर्यंत उडून जाईल."

मीच आग्रह केला, हे आधीच सांगून टाकते. ताई नको नको म्हणत होती, तिचा हात मी धरला आणि मनगटावर दोनदा फुस्स केलं. मग माझ्याही.

मला ते अत्तर पहिल्या क्षणी आवडलं नाही. फार गोड वाटलं, वाळलेल्या अंजिरावर मध ओतल्यासारखं, आणि मला वाटलं हे आता डोकं उठवणार. पण पाच-दहा मिनिटांत त्याच्यातून लाकूड वर यायला लागलं. नुकतीच टोक केलेली पेन्सिल असते ना, तसं आधी, आणि मग जाड, थोडं धुरकट. लाकडाच्या वखारीत कुणीतरी मधाची बरणी सांडावी तसा तो वास होता. मी शिवणयंत्रावर बसले तरी हात हलला की तो यायचा. संध्याकाळपर्यंत गोडी बरीच विरली आणि लाकूड मात्र तसंच घट्ट. मी स्वतःलाच चोरून हुंगत होते. पन्नाशीला टेकलेली बाई, एका हातात कात्री आणि दुसरं मनगट नाकाला. गिऱ्हाईक आत आलं तेव्हा मी खोकल्याचं सोंग केलं.

ताई मात्र पहिल्या अर्ध्या तासानंतर बाटलीसोबतचं कार्ड घेऊन बसली. ते ती पुन्हा पुन्हा वाचत होती. कार्डावर लिहिलं होतं, आधी अंजीर आणि मध, मग देवदार, आणि तळाला धुरकट लाकूड, जे दिवसभर राहतं.

"तुला लाकूड येतंय?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय! नुसती वखार आहे."

"किती? शून्य ते चार सांग."

"ताई, वाढदिवस आहे तुझा."

"किती?"

"साडेतीन."

तिनं पुन्हा मनगट हुंगलं. मग ती बाहेर जाऊन मोकळ्या हवेत चार श्वास घेऊन आली आणि तिनं पुन्हा हुंगलं. मला म्हणाली, "अंजीर आहे. मध आहे. त्याच्याखाली पाणी आहे." पाणी म्हणजे काहीच नाही, हा तिच्या खोलीतला शब्द.

मी हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते, पण त्या वेळी मला खरंच गंमत वाटली, की जगाची छत्री शोधणाऱ्या बाईला वखार सापडत नाही. ती केकचा तुकडा तसाच टाकून उठली आणि मोज्यांची पिशवी घेऊन घरी गेली. बाटलीही घेऊन गेली.

रविवारी तिच्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळी नऊला तिचा फोन आला, दहाला पुन्हा, साडेदहाला ती स्वतःच आली. डाव्या मनगटावर लावलं होतं, उजव्या कोपरावर लावलं होतं, कागदाच्या पट्ट्यांवर लावून त्या तासातासानं हुंगत होती. वहीत वेळ आणि आकडे लिहिले होते. गोडीचे आकडे नीट उतरत गेलेले, तीन, अडीच, दोन, एक. लाकडाच्या रकान्यात सगळी शून्यं. तिनं लिफ्टमध्ये शेजारणीला विचारलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या नाकाशी हात नेला होता. तो बिचारा दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "छान आहे बाई, लाकडी आहे." बसमध्ये एका अनोळखी म्हाताऱ्याला विचारून आली होती. ज्या बाईनं आयुष्यात कधी कुणाला वेळही विचारली नसेल!

"सगळ्यांना येतंय," ती म्हणाली. "मला नाही. माझं नाक चाललं."

"सर्दी असेल."

"सर्दी मला तुझ्या आधी कळते."

मी तिला बसवायचा प्रयत्न केला. ती बसली की उठायची, उठली की खिडकीपाशी जायची, तिथून स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून हुंगायची. मिरी, चहा, साबण, रॉकेलचा बोळा, सगळं तिला येत होतं, बारीकसारीक सगळं. "मग झालं तर!" मी ओरडले. "एक वास नसेल येत. जगात काय वास कमी आहेत?" ती म्हणाली, "आज एक. उद्या कुठला, ते मला कसं कळणार? जो येत नाही, तो येत नाही हेच कळत नाही ना."  मी तिला चहा दिला, तो तिनं हुंगला आणि ठेवून दिला.

पुढे दोन महिन्यांनी कारखान्यात वार्षिक परीक्षा होती. बारा वास ओळखायचे, तीन चुकले की खोलीतून बाहेर, गोदामात बदली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गोदामात काम वाईट नाही, पण ताईला त्या खोलीबाहेर स्वतःची ओळखच नव्हती. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे तिला 'नाक' म्हणत आणि तिला ते आवडायचं. ते नाक गेलं तर मागे काय उरतं, हा प्रश्न ती मला विचारत नव्हती, पण तो तिच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता.

दुपारी ती घरी गेली. तीनदा अंघोळ केली, मोजे धुतले, इस्त्री केली, घड्या घातल्या. मधेच पुन्हा बाटली उघडायची, एक पट्टी भिजवायची, हुंगायची, हात धुवायचे, पुन्हा मोजे. हे सगळं मला नंतर कळलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी ती कामावरून थेट माझ्या दुकानात आली. मी एका कोटाचं अस्तर उसवत होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसली.

"मंगळवारी आइस्क्रीमच्या कपांचा माल अडला," ती म्हणाली. "चौघांनाही वास आला. दोन, तीन, तीन, अडीच. सगळ्या बरण्यांना."

"आणि तुला?"

ती बॅगेची चेन उघडत-मिटत राहिली. "निकालावर सही केली मी. आज सकाळी गोंदमास्तरला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. गोंदात भेसळ केली म्हणतात."

गोंदमास्तरला मी ओळखत होते. कारखान्याच्या सहलीत एकदा भेटला होता. गोंद शिजवण्यात हयात गेलेला, बुटका, तापट माणूस, आपल्या कढईला कुणी नाव ठेवलं की भांडायला उठणारा. ताईचं आणि त्याचं अठरा वर्षांचं भांडण होतं, आणि मला वाटतं दोघांचा दिवस त्याशिवाय जात नसे.

"कसला वास आला त्यांना?" मी सहज विचारलं.

"चिठ्ठीवर शब्दही लिहायचा असतो. आमच्या पाचांतल्या त्या चष्मेवाल्यानं लिहिलं, लाकूड. दुसरीनं लिहिलं, लाकूड, किंचित गोड."

मी कात्री खाली ठेवली. "ताई, हा तर आपल्या बाटलीचा वास."

"शक्य नाही. रविवारनंतर मी लावलेलं नाही. तीनदा अंघोळ केली. मी स्वतःला हुंगलंय."

"तू हुंगून काय उपयोग, तुला तो येतच नाही!"

हे मी बोलून गेले. मग मी उठले आणि तिला हुंगायला लागले, केस, मान, मनगटं, बाह्या. कुठे काही नव्हतं. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात तिच्या बॅगेकडे लक्ष गेलं, कारण ती अजून चेन उघडत-मिटत होती आणि दर वेळी उघडली की पेन्सिलीला टोक केल्यासारखं काहीतरी येत होतं. आत जास्तीच्या मोज्यांची एक जोडी होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. मी प्लॅस्टिक सोडलं.

वखार. नुसती वखार. गोडी साबणानं गेली होती, आणि जे लाकूड तिला येत नव्हतं ते घडीघडीत बसलं होतं. दहाच्या दहा जोड्या तिनं त्याच हातांनी धुतल्या होत्या, त्याच टेबलावर इस्त्री केल्या होत्या, जिथे दिवसभर पट्ट्या भिजत होत्या. तेच मोजे घालून तिनं माल कापला, बरण्या भरल्या. तेच मोजे घालून पाच जणांनी बरण्या नाकाशी धरल्या.

"साडेतीन," मी म्हणाले. दुसरं काय बोलायचं ते सुचलं नाही.

ताईनं मोजे हातात घेतले, नाकाशी नेले, डोळे मिटले.  मग म्हणाली, "इस्त्रीचा वास आहे. सुताचा आहे." आणि मग ती रडायला लागली. मी तिला शेवटचं रडताना आई गेली तेव्हा पाहिलं होतं, आणि तेव्हाही ती माझ्याहून कमी रडली होती.

मला मात्र आतून हलकं वाटत होतं. माझा हिशेब सरळ होता. कपांना वास नव्हता, म्हणजे ताईनं कपांबद्दल चूक केलेली नव्हती. गोंदमास्तर सुटला. ताईला अत्तराबद्दल रागावतील, एखादं पत्र देतील. उद्या जाऊ, मोजे दाखवू, संपलं. मी हे सगळं तिला सांगितलं. ती नाक पुसत ऐकत होती आणि मान हलवत होती, पण होकाराची नव्हे.

"तू बरोबर ये," एवढंच म्हणाली. "वास आहे हे सांगायला कुणीतरी लागेल. मी तर सांगू शकत नाही."

म्हणून गुरुवारी मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेले, बहीण म्हणून नाही, पुरावा म्हणून. त्या तपासणी विभागाच्या मोठ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, केस बारीक कापलेले, टेबलावर एकही वस्तू वाकडी नाही. गोंदमास्तरलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. तो दाराशी घडीच्या खुर्चीवर बसला होता आणि माझ्याकडे असा बघत होता जणू गोंद मीच बिघडवलाय.

ताईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. वाढदिवस, बाटली, रविवार, मोजे. मोठ्या बाईंनी मोजे हुंगले, मान मागे घेतली आणि गोंदमास्तरकडे दिले. त्यानं हुंगले आणि तो भडकला. "दोन दिवस मी बायकोला तोंड दाखवत नाही, आणि हे? अत्तर?"

"मास्तर, बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. मग ताईला म्हणाल्या, "अत्तराचा नियम तुम्हीच लिहिलेला आहे. पत्र द्यावं लागेल. पण माल चांगला आहे, चूक कळली, तुम्ही स्वतः आलात. नाकाचं म्हणाल तर एखादा वास न येणं असतंच लोकांना. मलाही कस्तुरी येत नाही. परीक्षेत बारातला एक चुकला तर चुकला. तुम्ही खोलीत राहा."

मी ताईचा हात दाबला. म्हटलं, सुटलो.

गोंदमास्तर उठून उभा राहिला. तो आता ओरडत नव्हता. "एक विचारू? तुम्हाला तो वास येतच नाही म्हणता. मग मंगळवारी माझे कप तुम्हाला साफ लागले असतील. अठरा वर्षं तुम्ही माझ्या गोंदाला नावं ठेवलीत, आणि नेमक्या ह्या वेळी साफ लागला. मग सही कशी केलीत?"

 मोठ्या बाईंनी कपाटातून फाइल काढली आणि मंगळवारच्या पाच चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. चार चिठ्ठ्या सरळ होत्या. पाचवी ताईची, तिचं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं, छापल्यासारखं. सहा ओळी. प्रत्येक ओळीत एक शून्य, त्याच्यावर आडवी रेघ आणि शेजारी दोनचा आकडा. सहा वेळा.

"हे कधी बदललंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"चिठ्ठ्या गोळा केल्यावर. चौघांच्या वाचल्या आणि मग."

"चौथी बरणी रिकामी होती."

"हो."

"रिकाम्या बरणीत तुम्हाला दोनचा वास आला?"

"नाही. शून्यच आला. पण त्या चौघांना आला होता." ताईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कागद उघडल्यावर मला कळलं की ती रिकामी आहे. तिथेच तपासणी रद्द करायला हवी होती. मी मनाला म्हटलं, बरणी नीट धुतली नसेल. रद्द केली असती तर बुधवारी सगळ्यांसमोर पुन्हा हुंगावं लागलं असतं, आणि पुन्हा मला एकटीलाच वास आला नसता."

  मी कासावीस झाले होते. मला वाटत होतं, हिला गप्प का बसता येत नाही, सांगायचं तेवढं सांगून झालं की. गोंदमास्तर ती चिठ्ठी हातात घेऊन एकेक ओळ बघत होता. "तुम्ही तर मला पास केलं होतंत," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग उरला नव्हता, त्यानं मला जास्त वाईट वाटलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, भीतीनं माणूस एकदा चुकतो, सव्वीस वर्षांत ही पहिली खोडलेली चिठ्ठी आहे, आपण हे पत्रात लिहू पण प्रमुखपद तेवढं दुसऱ्याला देऊ, तुम्ही पाचांतल्या एक म्हणून राहा. चांगलं बोलल्या. मी जागेवरून जवळजवळ उठून हो म्हणाले. ताईनं नाही म्हटलं. गोदामात बदली द्या म्हणाली, आजपासूनच. गोंदमास्तरची माफी मागितली, त्यानं हातानं राहू द्या अशी खूण केली, आणि आम्ही बाहेर पडलो.

 बसथांब्यावर माझा तोल गेला. म्हटलं, "नाक शाबूत आहे, नोकरी शाबूत आहे, बाईंनी हातात आणून दिलं होतं ताट, आणि तू लाथाडलंस. कशासाठी? हे काय नाटक आहे? तू एकदा घाबरलीस, संपलं! पुन्हा नाही घाबरणार!"

ताई थांब्याच्या बाकावर बसली नाही. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होती, रविवारी करत होती तशीच. मला वाटलं होतं, सगळं सांगून टाकल्यावर तरी ती शांत होईल.

"ऐक," ती म्हणाली. "उद्या मी त्या खोलीत बसले, बरणी उघडली, आणि मला शून्य आलं. मला काय वाटेल?"

"शून्य वाटेल."

"नाही. मला वाटेल, हे खरं शून्य आहे का माझं शून्य आहे. आणि मी चष्मेवाल्याच्या तोंडाकडे बघेन. शपथेवर सांगते, बघेन. त्याचं नाक आक्रसलं तर मी पुन्हा खोडेन."

"तुला काय माहीत?"

"सहा वेळा खोडलं मी. पहिल्यांदा हात थरथरला. सहाव्या वेळी नाही."

बस आली. ती माझ्या आधी चढली आणि रिकामी जागा असूनही दांडा धरून उभी राहिली.